मदत हवी आहे: मानसिक आरोग्यासाठी चॅरिटी वॉक, पण ज्यांच्यासाठी चालायचं त्यांनाच संकोच वाटू नये

नमस्कार मंडळी,

आमचा सकाळी चालणाऱ्यांचा गट आहे. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो (१९९२ पासून पाळतात). त्याच्या जवळच्या रविवारी सगळ्यांना बोलावून पाच किलोमीटर चालायचं आणि जमलेले पैसे मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्या संस्थेला द्यायचे, असं ठरलंय. परवानग्या, पाणी, प्रथमोपचार, वाहतूक ही कामं करणारी माणसं आमच्याकडे आहेत. गाडी अडलीय ती वेगळ्याच ठिकाणी.

गटातल्या एका ताईंच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. वॉकचं ठरल्यावर पहिलं नाव त्यांनीच दिलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तो येईल, त्याला चालायला आवडतं. पण फोटो कुठे कुठे जाणार? नवीन नोकरी लागलीय त्याला." मी तेव्हा काहीच उत्तर देऊ शकलो नाही, आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. ज्यांच्या घरात आजार आहे तेच लोक ओळखले जाण्याच्या भीतीने आले नाहीत, तर आम्ही कोणासाठी चाललो?

समितीतल्या काहींचं म्हणणं आहे की फोटो नसतील तर प्रायोजक पैसे देणार नाहीत. तेही खोटं नाही.

दुसरा मुद्दा व्यासपीठाचा. आजारातून सावरलेल्या कोणीतरी शेवटी बोलावं, अशी सूचना आलीय. मनातले गैरसमज जायला माहितीपत्रकापेक्षा अशा माणसाशी प्रत्यक्ष भेट आणि बोलणं जास्त उपयोगी पडतं, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२२ च्या अहवालातही म्हटलंय. त्यामुळे सूचना मला पटते. पण शेकडो लोकांपुढे बोललेलं कोणीतरी मोबाइलवर टिपणार, आणि ते वर्षानुवर्षं फिरत राहणार. हे कसं सांभाळायचं?

तिसरा सगळ्यात अवघड. एका कुटुंबाने त्यांची मुलगी आत्महत्येत गमावली आहे. तिचा मोठा फोटो असलेला फलक घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायची त्यांची इच्छा आहे. नाही म्हणायला जीभ रेटत नाही, हो म्हणायला भीती वाटते.

कोणी असा उपक्रम केला असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

मी रुग्णांच्या कुटुंबीयांच्या स्वमदत गटात बरीच वर्षं आहे. फोटोंबद्दल आधी सांगते. "ज्यांना फोटो नको त्यांनी लाल पट्टी बांधा" असं काही अजिबात करू नका, त्याने तीच माणसं गर्दीत उठून दिसतात. उलट करा: ज्यांना फोटो चालेल त्यांनीच पट्टी घ्यायची, बाकी कोणाचाही चेहरा टिपायचा नाही. फोटोसाठी एक ठरावीक जागा ठेवा, हवं तो तिथे जाईल. प्रायोजकांना गर्दीचा पाठमोरा फोटो पुरतो. लोक आपापल्या मोबाइलवर काढणारच, म्हणून सुरुवातीलाच माइकवरून स्पष्ट सांगा.

नावनोंदणीच्या अर्जात "तुम्हाला मानसिक आजार आहे का" हा रकाना नको. रुग्ण, नातेवाईक, शेजारी सगळे एकाच रांगेत.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. लिथियम हे मनोविकारावरचं औषध घेणाऱ्यांच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं औषधाचं प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. मनोविकारावरच्या इतर काही औषधांनी घाम कमी येतो, ऊन सोसत नाही. त्यामुळे लवकर सुरू करा, पाणी वारंवार मिळू द्या, आणि दोन किलोमीटरवर थांबता येईल असा छोटा मार्गही ठेवा. प्रथमोपचारवाल्यांना हे आधी सांगून ठेवा.

प्रतिसाद २

मी मनोविकार विभागात समाजसेवक आहे. बोलणाऱ्या व्यक्तीबद्दल: काय सांगायचं आणि काय नाही ते तिनेच ठरवावं, प्रश्न विचारणार असाल तर आधी दाखवावेत, अगदी त्या सकाळीही "आज नको" म्हणता यावं. सोबत विश्वासातलं माणूस हवं, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने फोन करा. बोलून झाल्यावर पुष्कळांना रितं वाटतं, त्या वेळी आयोजक हिशोबात गुंतलेले असतात. माझं मत विचाराल तर व्यासपीठच नको. दहा-बारा जणांच्या तुकड्या करा आणि ज्यांची तयारी आहे त्यांना एकेका तुकडीत चालता चालता बोलू द्या. शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, बोलणं सोपं जातं.

त्या कुटुंबाला नाही म्हणू नका, पण आधी त्यांच्या घरी जाऊन बसा. गर्दीत आत्महत्येचे विचार मनात असलेलंही कोणी असू शकतं. त्याला मृत्यूनंतर मिळणारा मान सगळ्यात पुढे दिसू नये. पद्धत, जागा, चिठ्ठी यांचा उल्लेख कुठेच नको, "अमुक कारणामुळे गेली" असंही नको, कारण कधी एकच नसतं. तिचं नाव सगळ्यांच्या आठवणींच्या एका कापडावर लिहिता येईल, आई-वडील तिच्याबद्दल तुकडीत बोलतील. हेल्पलाइनचा क्रमांक छापण्याआधी स्वतः फोन लावून तपासा.

स्वयंसेवकांना मानसिक प्रथमोपचाराची तोंडओळख द्याच. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिका आहे, तिचं सूत्र ‘पाहा, ऐका आणि (योग्य मदतीशी) जोडून द्या’ असं आहे. एखाद्याबद्दल काळजी वाटली तर "जीव द्यायचे विचार येतात का" असं सरळ विचारावं. विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत. होकार आला तर त्याला एकटं सोडायचं नाही.

प्रतिसाद ३

पैशांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. टी-शर्ट प्रायोजकाकडूनच घ्या, देणगीतून नको. किती जमले, किती खर्च झाले, संस्थेला किती पोचले हे सगळ्यांना कळवा. आणि संस्थेला आधीच विचारा की त्यांना नेमकं काय हवंय. पुष्कळदा समुपदेशकाचा पगार हवा असतो आणि लोक वस्तू नेऊन देतात.

धागाकर्ता

मनापासून आभार. पट्टीची आणि तुकड्यांची कल्पना समितीने मान्य केली. त्या कुटुंबाकडे आम्ही दोघं जाऊन आलो. कापडाचं ऐकून वडील गप्प होते, आईने विचारलं, "इतरांचीही नावं असतील ना?" हो म्हटल्यावर त्या तयार झाल्या.

ताईंच्या मुलाला चालणाऱ्यांत नाही, स्वयंसेवकांत यायचंय. वळणावर उभं राहून रस्ता दाखवीन म्हणतो. म्हणून समाजसेवक दादांना एक प्रश्न: त्याला इतर स्वयंसेवकांबरोबरच प्रशिक्षण द्यायचंय, पण त्यात स्किझोफ्रेनियाचा विषय निघेल तेव्हा त्याला अवघडल्यासारखं होऊ नये. शिकवणाऱ्यांना त्याच्याबद्दल आधी सांगावं का, की तेही त्याच्यावरच सोडावं?