कनानची भूमी: वचन पूर्ण झालं की अर्धवटच राहिलं?

नेगेबचा वाटसरू (धागाकर्ता):
आमच्या बायबल अभ्यासगटात हा वाद दर वेळी अर्ध्यावर राहतो, म्हणून इथे मांडतोय. माझ्या मते देवाने इस्राएलांचा मूळपुरुष अब्राहामाला दिलेलं भूमीचं वचन (कनान देश तुझ्या वंशजांना देईन) प्राचीन इस्राएलांच्या काळातच पूर्ण झालं. इस्राएलांना कनानात नेणाऱ्या यहोशवाच्या ग्रंथात, 21 व्या अध्यायात, लेव्यांच्या (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाच्या) 48 नगरांची यादी संपते आणि लगेच ग्रंथकार सांगतो की पूर्वजांना शपथेवर देऊ केलेला सगळा देश परमेश्वराने दिला, त्याचा एकही शब्द वाया गेला नाही. उत्पत्ति 15 मधली फरात नदीपर्यंतची हद्द? तीही 1 राजे 4 मध्ये शलमोन राजाच्या सत्तेखाली आलेली दिसते. नहेम्या 9:8 मध्ये तर बंदिवासातून परतलेल्यांच्या प्रार्थनेतच म्हटलंय की तू आपलं वचन पूर्ण केलंस.

गेजेरची वेस:
अजिबात पटलं नाही. तुम्ही ज्या यादीचा हवाला देताय तीच उघडा. 21:21 मध्ये गेजेर लेव्यांना दिलंय, 21:25 मध्ये तानाख. आता त्यापुढच्या शास्ते ग्रंथाचा 1 ला अध्याय वाचा: एफ्राइम वंशाने गेजेरच्या कनान्यांना (तिथल्या आधीच्या रहिवाशांना) हाकललं नाही, मनश्शे वंशाने तानाख, बेथ-शान आणि मगिद्दोच्या लोकांना हाकललं नाही. गेजेर शेवटी घेतलं कोणी? मिसरच्या फारोने, म्हणजे राजाने! त्याने ते जाळलं, तिथले कनानी मारले आणि मुलीला, म्हणजे शलमोनाच्या बायकोला, आंदण दिलं (1 राजे 9:16). वचनाचं गाव सासऱ्याकडून आंदणात मिळालं, त्याला वचनपूर्ती कसं म्हणायचं?

नेगेबचा वाटसरू:
गेजेरचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो वचनाच्या विरोधात जात नाही. निर्गम 23:29-30 मध्ये देवानेच आधी सांगितलं होतं की एका वर्षात सगळ्यांना घालवणार नाही, देश ओसाड पडेल आणि जंगली जनावरं माजतील, हळूहळू घालवीन. सातबारा नावावर झाला तरी कब्जा मिळायला वेळ लागतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. यहोशवाच्या काळात वाटणी झाली, ताबा पुढे मिळत गेला. यबूस्यांचं (एका कनानी जमातीचं) यरुशलेम पुढे दावीद राजाने घेतलंच ना?

टेकडीवरचं गाव:
दोघांच्याही मांडणीत उत्खनन कुठेच नाही. मेर्नेप्ताह फारोच्या इ.स.पू. 1208 च्या सुमाराच्या शिलालेखात इस्राएल हे नाव लोकसमूह म्हणून येतं, म्हणजे तेव्हा ते कनानात होते. यहोशवाने जाळल्याचं सांगितलेलं हासोर इ.स.पू. तेराव्या शतकात जळालेलं सापडतं. पण त्यानेच जिंकल्याचं सांगितलेल्या यरीहोत पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी 1950 च्या दशकात खणलं तेव्हा तटबंदीचं शहर त्याच्या कितीतरी आधीच उद्ध्वस्त झालेलं निघालं. मेर्नेप्ताहच्या सुमाराची नवी, छोटी, बिनतटाची खेडी मिळतात ती डोंगराळ भागात. शास्ते 1:19 हेच सांगतं: यहूदा वंशाने डोंगर घेतला, खोऱ्यातल्या लोकांकडे लोखंडी रथ होते म्हणून तिथे चाललं नाही. मला यहोशवा 21 हे विजयस्तोत्र वाटतं आणि शास्ते 1 हा जमिनीवरचा हिशेब.

गेजेरची वेस:
यहोशवा 23 मध्ये तर म्हातारा यहोशवा स्वतःच बजावतो की या उरलेल्या लोकांशी सोयरीक केलीत तर देव त्यांना घालवणार नाही, उलट ते तुम्हाला फास होतील. म्हणजे ताबा अटीवर होता आणि अट मोडली गेली. शलमोनाचं राज्यही घ्या. फरातेपर्यंतचे राजे त्याला खंडणी देत होते, तिथे इस्राएलाचे वंश वसले नव्हते. वसाहत होती ती उत्तरेच्या दानपासून दक्षिणेच्या बैर-शेबापर्यंत. आणि त्याच शलमोनाने गालीलातली 20 गावं सोरच्या राजा हिरामाला देऊन टाकली!

ओवाळणी:
लेवीय 25:23 कोणीच काढलं नाही याचं नवल वाटतं. तिथे देव म्हणतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडचे उपरे आणि पाहुणे आहात, म्हणून ती कायमची विकायची नाही. मालकी देवाची म्हटल्यावर 'किती कोस मिळाले' हा प्रश्न मागे पडतो. अब्राहामाने स्वतः त्या देशात घेतली ती मकपेलाची गुहा आणि तिचं शेत, तेही बायको सारेला पुरायला, एफ्रोन हित्तीला 400 शेकेल चांदी मोजून. धागाकर्त्यांना विनंती, नहेम्या 9 मध्ये आठव्या ओवीवर थांबू नका. 36 वी ओवी म्हणते: तू आमच्या पूर्वजांना दिलेल्या याच देशात आज आम्ही दास आहोत.

नेगेबचा वाटसरू:
36 वी ओवी मला मान्यच आहे. पण ती प्रार्थना करणारे देवाला शब्द मोडल्याचा दोष देत नाहीत, उलट 33 व्या ओवीत 'तू न्यायी आहेस, दुष्टपणा आम्ही केला' असं म्हणतात. मिळालेलं गमावलं, हे त्यांचं दुःख आहे. मिळालंच नव्हतं असं त्यांनी म्हटलेली एक ओवी दाखवा, मग पुढे बोलू.