शिक्षा नेमकी कोणाला होते?
गटात शिक्षेची सोय असली की फुकटे (स्वतः कमी देऊन इतरांच्या योगदानाचा लाभ घेणारे) वठणीवर येतात आणि सहकार्य टिकते, असा निष्कर्ष सार्वजनिक निधीच्या खेळावरून काढला जातो, आणि तो मान्य आहे. मात्र शिक्षा कमी देणाऱ्यालाच होणार, हे त्यात गृहीत धरलेले आहे. हेर्मान, थोनी आणि गेश्टर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच खेळ (चौघांचा गट, प्रत्येकी २० गुण, त्यांतले हवे तेवढे सामायिक निधीत टाकायचे, तो निधी वाढवून सर्वांत समान वाटला जातो, आणि नंतर स्वतःचा १ गुण खर्चून दुसऱ्याचे ३ गुण कापण्याची मुभा) १६ शहरांतील विद्यार्थ्यांकडून खेळवून घेतला होता. बॉस्टन किंवा मेलबर्नमध्ये दंड बहुतांशी फुकट्यांनाच झाला. मस्कत आणि अथेन्समध्ये मात्र आपल्यापेक्षा जास्त देणाऱ्यालाही लोकांनी सढळ हाताने दंड केला, आणि जिथे हा प्रकार जास्त होता तिथे शिक्षेचा सहकार्याला फारसा लाभ झाला नाही.

कोणी दंड केला हे खेळाडूंना कळत नव्हते, तरीही मागील फेरीत दंड झालेल्यांपैकी काहींनी अंदाजाने उदार सदस्यांवर सूड उगवला असावा, असे मला वाटते. जिथे नागरी शिस्तीचे संकेत आणि कायद्याचे राज्य दुबळे, तिथे अशी उलटी शिक्षा अधिक, असा संबंध संशोधकांना आढळला. अर्थात १६ शहरांच्या तुलनेतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.