मदत हवी आहे: २०११ ची पेट्रोल-सीएनजी गाडी गरम झाली की बंद पडते, घाटात ओढत नाही

डोंगरवाट

गाडी २०११ ची, बीएस-४, १.२ लिटर, चार सिलिंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर). नंतर बसवलेला सिक्वेन्शियल सीएनजी किट आहे. १ लाख १८ हजार किमी झाले आहेत. तक्रारी दोन.

पहिली: चाळीसेक मिनिटे चालली, इंजिन पुरते तापले की रांगेत किंवा सिग्नलला एकदम बंद पडते. आचका नाही, फडफड नाही, कुणी चावी बंद करावी तशी. सेल्फ जोरात फिरतो पण गाडी लागत नाही. १५-२० मिनिटे उभी ठेवली की पहिल्या सेल्फला लागते.

दुसरी: चढावर दम सुटतो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीत तिसऱ्या गियरला पाय पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही, हलके आचके देते. पाय थोडा उचलला तर उलट बरी चालते. सपाटीवर ८० पर्यंत काही जाणवत नाही.

चारही प्लग, कॉइल, एअर फिल्टर बदलून झाले, थ्रॉटल बॉडी साफ केली. टेम्परेचरचा काटा मध्यावर असतो. चेक इंजिनचा दिवा कायम राहत नाही. आता पेट्रोल पंप बदलायचा सल्ला मिळतो आहे. त्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधायचे आहे. मल्टिमीटर आणि ब्लूटूथ स्कॅनर घरी आहेत.

रिंचपाना

पंपाला अजून हात लावू नका. आधी तीन गोष्टी पाहून कळवा.

एक, कोणती तक्रार कोणत्या इंधनावर येते? तुमच्या गाडीत दोन इंधने आहेत, आणि दोष शोधायला यासारखी सोय नाही. पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर दिसणारा दोष दोघांच्या सामाईक भागात असणार: इग्निशन, क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरते ते मोजणारा), मेन रिले (मुख्य वीज जोडणारा स्विच), हवेचा मार्ग, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक (धूर शुद्ध करणारी जाळी). फक्त पेट्रोलवर दिसला तर टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच शोधायचे.

दोन, बंद पडल्यावर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी उचलतो का?

तीन, स्कॅनरवर पेंडिंग कोड बघा. दिवा लागण्याआधी कोड तिथे येऊन बसतात.

डोंगरवाट

बंद दोन्हीवर पडते. घाटातला त्रास मात्र फक्त पेट्रोलवर, सीएनजीवर खंबाटकी आरामात चढते. सेल्फ मारताना काटा शून्यावरून हलत नाही. पेंडिंगमध्ये पी०३३५ आणि पी०१७१.

रिंचपाना

मग हे दोन स्वतंत्र दोष आहेत. दोन्हींचा मिळून एकच अर्थ लावल्यामुळेच आजवरचे सुटे भाग बदलूनही फरक पडलेला नाही.

सीएनजीवर इंजिनची ताकद साधारण दहा टक्के कमीच असते. तरीही घाट चढते, म्हणजे कॅटॅलिटिक चोंदलेला नाही, क्लच सरकत नाही, ब्रेक धरून राहिलेला नाही, हवाही पुरते आहे. कॉइलचाही संशय मिटला: सीएनजी पेटवायला ठिणगीचा व्होल्टेज जास्त लागतो, त्यामुळे कॉइल कमजोर असती तर आधी सीएनजीवर मिसिंग दिसले असते.

आता बंद पडण्याकडे. काटा शून्यावर आणि पी०३३५, दोन्ही क्रँक सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतात. सेन्सरचा सिग्नल गेला की इंजिन फिरते आहे हेच ईसीयूला (इंजिनचा संगणक) कळत नाही, म्हणून तो ठिणगी, इंजेक्टर आणि पंप तिन्ही थांबवतो. दोन्ही इंधनांवर एकाच तऱ्हेने बंद पडते ते यामुळे. सीएनजी किटचा ईसीयूसुद्धा पेट्रोल इंजेक्टरच्या सिग्नलवरच चालतो.

तरी सेन्सर विकत आणण्याआधी मोजा. प्लगला दोनच पिना असतील तर तो बहुधा आतल्या गुंडाळीचा सेन्सर. थंड असताना दोन पिनांमधला रोध मोजा. असे सेन्सर बहुधा काहीशे ते हजारभर ओहम दाखवतात. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेतून घ्या. मग गाडी बंद पडल्या-पडल्या लगेच पुन्हा मोजा. तापल्यावर तांब्याचा रोध थोडा वाढणारच, ते चालते. पण मीटरने ओएल (सर्किट तुटल्याची खूण) दाखवले तर आत तार तुटलेली आहे. थंडीत टोके टेकलेली राहतात, उष्णतेने राळ फुगली की सुटतात. रस्त्यात हे जमत नसेल तर सेन्सर काढून हेअर ड्रायरने तापवत मीटर लावून ठेवा. तीन पिना असतील तर बहुधा हॉल सेन्सर (चुंबकावर चालणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर), त्याचा रोध मोजण्यात अर्थ नाही. तिथे सप्लाय, अर्थ आणि सिग्नल तपासायचे.

सेन्सर काढलाच तर टोकावर चिकटलेला लोखंडी कीस पुसा आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज आहे का बघा. गरम असताना वायर हलवूनही मोजा. वायरच तुटलेली असेल तर नव्या सेन्सरने काहीच होणार नाही.

तारतंत्र

वरच्या निदानाशी सहमत. घाटातल्या त्रासाबद्दल लिहितो.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. कमी भारावर ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून भरपाई करतो, पूर्ण भारावर ती पुरत नाही. पाय उचलल्यावर गाडी बरी चालते, त्याचे हेच कारण. शेजारी बसणाऱ्याला स्कॅनर धरायला सांगा, चालवणाऱ्याने बघायचा नाही. चढावर पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज ०.८ ते ०.९ च्या आसपास राहायला हवा. तो ०.१-०.२ वर आला तर पेट्रोल कमी पडते हे नक्की.

मग प्रेशर. गेज टी जोडणीने फ्युएल रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) आधी लावा. पाइप सोडण्याआधी गाडी पेट्रोलवर टाका, पंपाचा फ्यूज काढा आणि इंजिन आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. इंजिन थंड हवे, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली हवी, जवळ अग्निशामक हवा. टाकीतच रेग्युलेटर असलेल्या, रिटर्न पाइप नसलेल्या गाड्यांत दाब बहुधा ३ ते ३.५ बार असतो. उभ्या गाडीत आकडा बरोबर आला म्हणून पंपाला क्लीन चिट देऊ नका, कारण आयडलला पेट्रोल लागतेच किती? भारावरच बघा. गेज काचेला बाहेरून चिकटवा, केबिनमध्ये पेट्रोलचा पाइप कधीही आणू नका.

भारावर दाब पडला तरी लगेच पंप नको. मागची सीट उचलून पंपाच्या कनेक्टरवर, कनेक्टर जोडलेला आणि पंप चालू असताना, मागच्या बाजूने पिन घालून व्होल्टेज मोजा. बॅटरीवर जे आहे त्यापेक्षा एकूण अर्धा व्होल्ट कमी चालेल. जास्त फरक असेल तर तो कुठे जातो ते बाजू वेगळ्या करून बघा: बॅटरी पॉझिटिव्ह ते पंप पॉझिटिव्ह, आणि पंपाची अर्थ ते बॅटरी निगेटिव्ह. अर्थच्या बाजूला ०.२ च्या वर काही दिसले तर अर्थचा नट शोधा. पॉझिटिव्हला जास्त दिसले तर रिले. तेवढ्याच क्षमतेचा, तशाच पिनांचा हॉर्नचा रिले अदलाबदल करून बघता येतो.

व्होल्टेज पूर्ण असून दाब पडत असेल, तेव्हाच टाकीतली जाळी, फिल्टर आणि पंप यांच्याकडे जा.

सिलिंडर

सीएनजीवाल्या गाडीच्या दोन गोष्टी. टाकीत पेट्रोल किती ठेवता? सीएनजीवर असतानाही काही किटमध्ये पेट्रोल पंप फिरत राहतो. तो थंड राहतो भोवतालच्या पेट्रोलमुळेच, त्यामुळे कायम रिझर्व्हवर ठेवलेल्या टाकीत पंप तापून झिजतो आणि तळाचा गाळ जाळीवर बसतो. पाव टाकी तरी ठेवा. दुसरे, किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून जोडलेल्या असतात. ते जोड नुसते पिळून टेप मारलेले असतील तर सोल्डर करून घ्या.

गाडी २०११ ची असल्याने रबरी पाइपही बघाच. एप्रिल २०२३ आधीच्या गाड्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) धरून बनवलेल्या असतीलच असे नाही. मऊ पडलेला, फुगलेला किंवा भेगाळलेला पाइप लगेच बदला.

डोंगरवाट

मोजमापे:

क्रँक सेन्सर दोन पिनांचा. थंड असताना ५६० ओहम, बंद पडल्यावर लगेच ओएल, थंड झाल्यावर पुन्हा ५६०. वायर हलवून फरक नाही.

पेट्रोल दाब आयडलला ३.४ बार, चढावर पूर्ण अॅक्सिलरेटरला १.९. ऑक्सिजन सेन्सर तेव्हा ०.१. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंपावर ११.४. पॉझिटिव्ह बाजूला ०.४, अर्थ बाजूला २.१.

टाकीत पेट्रोल बहुतेक वेळा रिझर्व्हवरच असते, हे खरे.

तारतंत्र

२.१ व्होल्ट अर्थमध्ये जातात, हाच तुमचा घाटातला त्रास. पंप चारेक अँपियर ओढत असेल तर त्या एका जोडात अर्धा ओहम रोध झाला. म्हणून मोटर हळू फिरते. आयडलला तेवढे पेट्रोल पुरते आणि रेग्युलेटर दाब टिकवतो, मागणी वाढली की दाब ढासळतो. या अवस्थेत नवा पंप टाकला असता तरी तो ११.४ व्होल्टवरच चालला असता.

पंपाच्या कनेक्टरमधून निघालेली अर्थची वायर (बहुधा काळी) कुठे बॉडीला लागते ते शोधा. बहुधा मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या कडेला असते, आणि पाणी मुरते तिथेच गंजते. नट सोडा, रिंग टर्मिनल आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नट घट्ट करा, वरून ग्रीस लावा. टर्मिनलजवळ वायर काळी पडली असेल तर तो तुकडा कापून नवे टर्मिनल क्रिंप करा. लगेच पुन्हा मोजा, ०.१ च्या आत यायला हवे. पॉझिटिव्हचे ०.४ आज चालवून घेता येईल, पण रिलेच्या पिना एकदा साफ करा.

रिंचपाना

सेन्सरचा निकाल स्पष्ट आहे, बदला. पार्ट नंबर इंजिन नंबरवरून जुळवून कंपनीचाच घ्या. या एका भागात स्वस्त पर्याय नको, कारण चालत्या गाडीत तो गेला की इंजिनबरोबर पॉवर स्टिअरिंगची मदतही जाते आणि ब्रेक बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो. तो बदलेपर्यंत गाडी हायवेला काढू नका. बसवताना वायर मूळच्या क्लिपमध्येच अडकवा, एक्झॉस्टला टेकू देऊ नका.

दोन्ही कामे झाली की कोड पुसा, अर्धी टाकी पेट्रोल भरा आणि शंभरेक किमी पेट्रोलवरच चालवा. मग स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू कायम किती टक्के जास्त-कमी पेट्रोल देतो तो आकडा) बघा. ई२० मध्ये इंधन थोडे जास्त लागतेच, त्यामुळे पाचेक टक्के अधिक दिसले तर हरकत नाही. दहाच्या वर राहिले किंवा चढावर दाब ३ बारखाली गेला, तर टाकीतली जाळी काढून तपासा. रिझर्व्हवर चालवलेल्या टाकीत तिथे गाळ सापडण्याची शक्यता बरीच आहे.