मदत हवी आहे : वाल्देमोसा (मायोर्का) – आईबाबांना झेपेल का, आणि खरा पियानो कुठला?

नमस्कार मंडळी,

आईबाबा सांगलीहून आमच्याकडे फ्रँकफर्टला आलेत. फेब्रुवारीत चार दिवस मायोर्का या स्पॅनिश बेटावर जातोय, मुक्काम पाल्मा या तिथल्या मुख्य शहरात. समुद्रात कुणालाच रस नाही. बाबा पेटी वाजवतात, त्यामुळे पियानोसाठी लिहिणारा संगीतकार शोपँ डोंगरातल्या ज्या गावात राहिला ते वाल्देमोसा त्यांना बघायचंच आहे.

थोडं वाचलंय. १३९९ मध्ये राजा मार्टिनने तिथला राजवाडा कार्थुजियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंना दिला, त्याचा मठ झाला. १८३५ मध्ये सरकारने मठांच्या मिळकती ताब्यात घेतल्यावर साधू गेले आणि खोल्या भाड्याने मिळू लागल्या. डिसेंबर १८३८ मध्ये शोपँ, लेखिका जॉर्ज सांद आणि तिची दोन मुलं तिथे राहायला आली. त्याला क्षय, लग्न झालेलं नाही, चर्चला जात नाहीत; गाव त्यांच्यापासून लांबच राहिलं. त्याचा प्लेयेल कंपनीचा पियानो पॅरिसहून निघाला तो कस्टममध्ये अडकला. जानेवारीत हाती आला आणि फेब्रुवारीत मंडळी बेट सोडून निघाली! तोवर त्याने तिथलाच एक साधा पियानो वापरला. तरीही चोवीस प्रेल्यूड (पियानोसाठीच्या छोट्या रचना) त्या मुक्कामात पूर्ण केले. सांदबाईंनी पुढे पुस्तक लिहून गावकऱ्यांची सालटी काढली.

आता शंका :

मठात दोन नंबरची आणि चार नंबरची अशा दोन खोल्या 'शोपँची खोली' म्हणून दाखवतात, तिकिटं वेगळी. कुठलं घ्यावं?

आईचे गुडघे दुखतात. गल्ल्या दगडी आहेत म्हणे. पण तिला तिथल्या दारांशेजारच्या फरशा बघायच्यात. गावात १५३१ मध्ये जन्मलेल्या संत कातालिना तोमासचं चित्र त्यांवर घरोघरी असतं. फोटो बघून म्हणाली, "आपल्या गणेशपट्टीसारखंच की!"

आणि आई शाकाहारी, अंडं चालतं. बटाट्याचा गोड पाव तिथला प्रसिद्ध आहे, तो चालेल ना?

प्रतिसाद

आम्ही दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन गेलो होतो, म्हणून लिहिते.

पियानोसाठी चार नंबर. हा वाद कोर्टात गेला होता. दोन नंबरमधला पियानो शोपँच्या मृत्यूनंतर बनलेला आहे, असा निकाल २०११ मध्ये लागला. तरी मठाचं मुख्य तिकीटही घ्या. साधूंचं जुनं औषधालय त्यात आहे, बरण्या बघत आम्ही अर्धा तास तिथेच होतो.

पाल्माहून बसने अर्धा तास लागतो. मठाच्या आसपास चालणं सोपं आहे. फरशांच्या गल्ल्या मात्र उताराच्या, त्यामुळे जाताना बरं वाटतं आणि परत येताना गुडघे बोलायला लागतात. काठी घ्या, पावसात जाऊ नका. खाली बंदराकडे गाडी नेण्याचा मोह टाळा, नुसती नागमोडी वळणं. त्यापेक्षा देया या शेजारच्या गावाच्या दिशेने मीरामार बघा. रामोन युल या मायोर्कातल्या विचारवंताने १२७६ मध्ये धर्मप्रचारकांना अरबी शिकवायला तिथे मठ काढला होता. फेब्रुवारीत बदाम फुललेले असतात, बसमध्ये खिडकी सोडू नका.

पाव मात्र विचारूनच घ्या. कोका दे पाताता, म्हणजे तो बटाट्याचा पाव, पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत करतात. एन्साइमादा या तिथल्या दुसऱ्या गोड पावाचं तर नावच 'साइम' म्हणजे चरबीवरून पडलंय. आम्हाला हे अर्धा खाऊन झाल्यावर कळलं. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. 'गातो' नावाचा बदामाचा केक चालेल, त्यात अंडं असतं. गरम चॉकलेटबरोबर छान लागतो.

धागाकर्ती

खूप आभार! चार नंबर नक्की. पावाचं आईला आत्ताच सांगितलं, ती दशम्या बांधून घेणार म्हणते.