नवशिक्या डीजेचा पहिला सेट: लॅपटॉप-कंट्रोलर की स्टँडअलोन? माझं मत कंट्रोलर

उरणकर

लग्नसराई जवळ आली की ओळखीतली पोरं विचारतात, "दादा, डीजे शिकायचंय, सेट कोणता घेऊ?" विचारतात खरं, पण मनात एक्सडीजे-आरएक्स३ हा मोठा स्टँडअलोन सेट आधीच ठरलेला असतो, कारण रीलमध्ये तोच दिसतो. म्हणून हा धागा. माझं म्हणणं एवढंच: पहिला सेट म्हणून स्टँडअलोन, म्हणजे लॅपटॉपशिवाय नुसत्या पेनड्राइव्हवर चालणारा, घेऊ नका; लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर चालवणारा कंट्रोलर घ्या.

पैशाचं आधी. डीडीजे-एफएलएक्स४ हा दोन चॅनलचा कंट्रोलर तीसेक हजारांत येतो. रेकॉर्डबॉक्स हे डीजेचं सॉफ्टवेअर त्यावर फुकट चालतं, सेराटो डीजे लाइटही चालतं. आरएक्स३ साठी दोन लाखांच्या आसपास मोजावे लागतात. मधल्या फरकात बरे पॉवर्ड स्पीकर, हेडफोन आणि रीतसर विकत घेतलेली गाणी बसतात. ज्याने हप्त्यावर मोठा सेट घेतला तो हप्ता फेडायला मिळेल ती सुपारी घेतो, आणि शिकणं राहतं बाजूला.

दुसरं, फर्माईश. आमच्याकडे आगरी-कोळी हळदीला लोक रात्रभर फोनवर गाणं काढून तोंडासमोर धरतात. नवऱ्याच्या मामाचं गाणं कोणत्या प्लेलिस्टमध्ये भरलंय ते आठवत बसायला वेळ नसतो. लॅपटॉपवर तीन अक्षरं टाइप केली की गाणं समोर. नसलंच तर हॉटस्पॉट आहे. पेनड्राइव्हमध्ये जे घरून आलं नाही ते त्या रात्री नाहीच.

आणि "लॅपटॉपची कटकट नको" म्हणणाऱ्यांनी हेही बघावं: रेकॉर्डबॉक्सचा पेनड्राइव्ह नीट भरायला लॅपटॉप लागतोच. गाणी तपासा, ग्रिड (ठोक्यांच्या रेषा) बसवा, क्यू (गाणं जिथून सुरू करायचं त्या खुणा) लावा, मग एक्स्पोर्ट. कटकट तीच, फक्त मांडवातून घरी गेली.

क्यू_सम्राज्ञी

तीव्र असहमत. "कटकट मांडवातून घरी गेली" हा तुम्ही टोमणा म्हणून लिहिलात, मला तर तोच मोठा फायदा वाटतो. घरी लॅपटॉप हँग झाला तर चहा करून यायचं. कार्यक्रमात हँग झाला तर सगळा जमाव तुमच्याकडे वळून बघतो.

मी पुण्यात क्लबमध्ये वाजवते. तिथे टेबलावर सीडीजे (क्लबचे मोठे प्लेअर) आणि मिक्सर कायमचे बसवलेले असतात. आधीच्या डीजेचं शेवटचं गाणं चालू असताना पेनड्राइव्ह लावायचा, आपलं पहिलं गाणं चढवायचं, झालं. कंट्रोलरवाला येतो तेव्हा लॅपटॉपला जागा करा, मिक्सरच्या मागे मोबाइलचा उजेड पाडून रिकामा चॅनल शोधा, आणि हे सगळं दुसऱ्याचं गाणं वाजत असताना. एखादी वायर चुकीची निघाली की संपलं.

२००१ साली सीडीजे-१००० आला तेव्हापासून मोठं जॉग व्हील (हाताने फिरवायची चकती), डावीकडे खाली क्यू आणि प्ले, उजवीकडे लांब टेम्पो स्लायडर (गाण्याचा वेग कमी-जास्त करणारी सरकपट्टी) ही मांडणी फारशी हललेली नाही. २०२० च्या सीडीजे-३००० मध्ये सीडी घालायची सोयसुद्धा उरली नाही, बटणं मात्र तिथंच. ज्याचा हात त्या मांडणीवर बसला तो कुठल्याही शहरात जाऊन उभा राहू शकतो. एफएलएक्स४ चा स्लायडर बोटभर. त्यावर अर्ध्या बीपीएमचा (मिनिटाला किती ठोके त्याचा) फरक हाताला कळत नाही, म्हणून पोरं सिंक (टेम्पो आपोआप जुळवणारं बटण) दाबतात आणि शिक्षण तिथेच संपतं.

उरणकर

ताई, सिंकचं पाप लॅपटॉपच्या माथी का? २०१२ च्या सीडीजे-२००० नेक्ससपासून ते बटण तुमच्या क्लबच्या प्लेअरवरही आहे. आणि आरएक्स३ ला १०.१ इंची टचस्क्रीन आहे, दोन्ही गाण्यांच्या लहरी एकाखाली एक दिसतात. कानाने शिकायचं तर दोन्हीकडे पडद्यावर टॉवेल टाकावा लागेल.

हँगचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त वेळा ते सेटिंग असतं. विंडोजचे अपडेट थांबवा. यूएसबीची वीज वाचवणारा पर्याय बंद करा, नाहीतर कंट्रोलर मधेच झोपतो. सिस्टिमचे आवाज कंट्रोलरवर जाऊ देऊ नका, नाहीतर व्हॉट्सॲपचं टिंग थेट मोठ्या स्पीकरमधून ऐकू येतं. बफर (लॅपटॉप आवाज साठवून पुढे सोडतो तो तुकडा) २५६ सॅम्पलवर ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला साधारण ६ मिलिसेकंदांचा उशीर होतो. करकर यायला लागली तर ५१२ करा, १२ च्या आसपास जाईल. हळदीला चकती घासून स्क्रॅच करतंय कोण?

क्यू_सम्राज्ञी

हेच तर दुखणं आहे. तुम्ही "डीजे कसा व्हावा" म्हणून धागा काढलात आणि लिहिताय "हळदीचा ऑपरेटर कसा व्हावा".

उरणकर

हळदीतल्या ऑपरेटरला संध्याकाळी सातपासून गाडी हलेपर्यंत लोक नाचवत ठेवावे लागतात, आजीपासून नातवापर्यंत. क्लबमध्ये दीड तासाचा स्लॉट आणि सगळे एकाच वयाचे. कमी कोणाला लेखायचं ते बघा.

साऊंडवाला_सातारा

रुमाल टाकून ठेवला होता, आता बोलतो. दोघांनी लाइट आणि वायर सोडून सगळं लिहिलं.

जनरेटर ट्रिप झाला की स्टँडअलोन जागेवर मान टाकतो. लाइट आल्यावर तो पहिल्यापासून चालू होणार, पेनड्राइव्ह वाचणार, तोवर पब्लिकच्या शिट्ट्या. लॅपटॉपला बॅटरी असते आणि छोटा कंट्रोलर यूएसबीवरच चालतो, त्यामुळे ॲम्प परत लागला की गाणं चालूच असतं. हा पॉइंट उरणकरांना. स्टँडअलोनवाल्याने छोटा यूपीएस ठेवावाच. बॅटरीवाले सेट निघालेत, २०२० चा डेनॉनचा प्राइम गो, २०२४ चा ओम्निस-ड्युओ, पण ते आमच्या भागात अजून फारसे दिसत नाहीत.

आता उरणकर भाऊंनी ऐकावं. एफएलएक्स४ ला मागे नुसतं आरसीए (घरगुती सेटला असते ती जोडणी). एक्सएलआर (लांब वायरीला चालणारी जोडणी) नाही, बूथ आउट (डीजेजवळच्या स्पीकरसाठी वेगळं आउटपुट) नाही. आमचा मिक्सर स्टेजपासून लांब असतो. आरसीएची वायर तेवढी ओढली, शेजारून लाइटिंगची केबल गेली आणि लॅपटॉपचा चार्जर जोडला की "हम्म" सुरू. मग पोरगं चार्जर काढतं. हम्म जातो, पण बॅटरीला घरघर लागते. यावर उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मरवाला दोन चॅनलचा डीआय बॉक्स (मधे लावायची, हम्म तोडणारी डबी). तो कंट्रोलरच्या किमतीत धरा, कारण प्रत्येक वेळी तो आमच्याकडे मागायला येता. आरएक्स३ ला एक्सएलआर आहे, दोन वायरी लावल्या की आम्ही मोकळे.

गुलाल आणि हळदीचं तर कोणी लिहिलंच नाही. फेडरच्या (आवाजाच्या सरकपट्टीच्या) फटीत बारीक पूड गेली की आवाज खरखरतो. तीस हजारांच्या मशीनमध्ये गेलेली हळद आणि दोन लाखांच्या मशीनमध्ये गेलेली हळद, रंग एकच, दुःख वेगळं. मिरवणुकीत स्वतःचं महाग मशीन काढूच नये.

ढोलकी_फॅन

सिंकवरून एवढं चाललंय तर एक भर घालतो. आपली जुनी गाणी माणसांनी एकत्र बसून वाजवलेली, क्लिक (ठोका मोजणारी टिकटिक) लावून नव्हे. मुखड्याला जो टेम्पो तो अंतऱ्याला असेलच असं नाही. शेवटाकडे ढोलकी चढते ती चढतेच. सॉफ्टवेअरने सुरुवातीवरून ग्रिड टाकला तर तिसऱ्या मिनिटाला तो गाण्यापासून सुटलेला असतो, आणि सिंक बिचारं त्या चुकीच्या ग्रिडलाच धरून बसतं. सहा मात्रांच्या ठेक्याला तर आणखी गंमत: तेच गाणं एकदा १०० दाखवतं, एकदा १५०. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर, पण त्यातला चुकीचा धरून पुढचं गाणं टाकलंत तर पाय अडखळतात.

म्हणून लावणी, कोळीगीत, जुनं हिंदी वाजवणाऱ्याला घरी बसून ग्रिड हाताने सरळ करावा लागतो. रेकॉर्डबॉक्समध्ये बदलत्या टेम्पोसाठी डायनॅमिक ॲनालिसिस आहे, तेही नंतर तपासावं लागतंच. हे काम माउस आणि मोठ्या पडद्यावर होतं, प्लेअरच्या सात इंची पडद्यावर जीव जातो. एवढ्यापुरतं मी उरणकरांच्या बाजूने. ऐन वेळी मात्र हात आणि कान.

हणजूणकार

पॉपकॉर्न घेऊन वाचत होतो. नव्वदच्या दशकात गोव्यात आमच्या हणजूणला ट्रान्स हे नाचाचं संगीत वाजायचं ते बऱ्याच अंशी डॅट टेपवर (डिजिटल कॅसेटवर). विनाइल इथल्या उन्हात वाकायचं आणि प्रवासात जड व्हायचं. साध्या डॅट प्लेअरवर टेम्पो स्लायडर नाही, जॉग व्हील नाही. पुढे सगळीकडे सीडी आल्यावरही डीजे गोवा गिल कित्येक वर्षं डॅटवरच वाजवत राहिला. टेम्पो जुळवायचा प्रश्नच नव्हता. हे गाणं संपतंय, तिथं कुठलं शोभेल, एवढं ठाऊक असावं लागे. लोक सकाळपर्यंत नाचले की.

तर सेटवरून एवढं रक्त आटवू नका. पहिले काही महिने काहीच विकत न घेता सीडीजे तासावर मिळतात तिथे जाऊन सराव करा, असं माझं मत.

उरणकर

आणि उरण-पेणच्या पोराने रोज लाँच पकडून मुंबईला जायचं तासाच्या सरावाला? मोठ्या शहरातल्यांना सुचतं असं.

बारावी_झाली

दादा, माझ्याकडे लॅपटॉपच नाही. बाबांचा आहे तो ऑफिसचा, त्याला हात लावायचा नाही. मग कंट्रोलर अधिक चांगला लॅपटॉप असं धरलं तर तुमचे तीस हजार कुठल्या कुठे जातात. तेवढ्यात न्यूमार्कचा मिक्सस्ट्रीम प्रो ऑनलाइन दिसतोय. तो स्टँडअलोन आहे आणि त्याला स्पीकरही आहेत.

उरणकर

एफएलएक्स४ फोनलाही जोडता येतो. रेकॉर्डबॉक्स फोनवर आहे, djay नावाचं ॲपही चालतं. सुरुवात फोनवर कर, लॅपटॉप कॉलेजसाठी घ्यावा लागेलच.

क्यू_सम्राज्ञी

फोनवर शिकायचं आणि मधे आत्याचा कॉल येणार, छान. बारावी, तुझं गणित बरोबर आहे. उरणकरांचा तीस हजारांचा हिशेब घरात लॅपटॉप आहे असं धरूनच केलेला आहे. मिक्सस्ट्रीम इंजिन डीजे या सॉफ्टवेअरवर चालतो, तो गाणी स्वतः तपासतो, म्हणजे कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. एक लक्षात ठेव: इंजिनमध्ये बनवलेल्या प्लेलिस्ट आणि क्यू क्लबच्या सीडीजेवर दिसत नाहीत, तिथे नुसत्या फाइली फोल्डरमधून शोधाव्या लागतील. उलट बाजूने जमतं, रेकॉर्डबॉक्सचा पेनड्राइव्ह इंजिनवाले प्लेअर वाचतात. पेनड्राइव्ह दोन ठेव, दोन्हींवर तीच गाणी, आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर, कारण जुन्या प्लेअरना दुसरं काही चालेलच याची खात्री नाही.

उरणकर

आणि फर्माईश आली की?

क्यू_सम्राज्ञी

"गाणं नाही, काका" म्हणायचं. तेही शिकावंच लागतं.

उरणकर

उरणमध्ये म्हणून दाखवा.

बारावी_झाली

सेकंड हँड घेतला तर? लॅमिंग्टन रोडला एकाकडे जुना एक्सडीजे-आरआर हा स्टँडअलोन आहे असं कळलंय.

साऊंडवाला_सातारा

आरआर २०१८ चा आहे. बघायला जाताना स्वतःचा पेनड्राइव्ह आणि हेडफोन ने. दोन्ही यूएसबी पोर्टला लावून पोर्ट हलवून बघ, गाणं तुटलं तर सॉकेट सैल. क्यू आणि प्लेची बटणं सगळ्यात आधी झिजतात, ती प्रत्येकी वीस-पंचवीस वेळा दाब. क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी सरकपट्टी) एका टोकाला नेल्यावर दुसऱ्या बाजूचा आवाज पूर्ण बंद झाला पाहिजे, बारीक झिरपत असेल तर फेडर बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांग. "घरीच वापरलाय" म्हणतील. फटीतून बोट फिरव, पिवळं लागलं तर कुठल्या घरी ते कळेल. मास्टरचा एक्सएलआर लावून दोन्ही बाजू ऐक, हेडफोनवर भागवू नकोस. आणि बिल माग. बिल नाही म्हणाला तर पुढची तपासणी करत बसू नकोस, दुसरं दुकान बघ.