लेवितानचं वादळी आभाळ: खरं की जुळवलेलं?

ढगाळ: रशियन निसर्गचित्रकार इसाक लेवितानचं 'शाश्वत शांततेवर' हे चित्र (१८९४, त्रेत्याकोव्ह गॅलरी, मॉस्को) सगळे डोक्यावर घेतात. मला ते फारच ठरवून केलेलं वाटतं. तळं त्वेर प्रांतातल्या उदोमल्याकडचं, लाकडी चर्च मात्र व्होल्गाकाठच्या प्ल्योसचं, जुन्या स्केचवरून उचललेलं. शिवाय कलंडलेले क्रूस, वाऱ्याने वाकलेली झाडं, खिडकीत मिणमिणता दिवा. उसासा कुठे टाकायचा तेही सांगून ठेवलंय! त्यापेक्षा दुसऱ्या रशियन चित्रकाराचं, वासिल्येवचं 'ओलं कुरण' (१८७२) बघा. पाऊस सरलाय, गवत भिजलंय, बस्स. निसर्ग आहे तसा.

तैलरंग: आहे तसा? अहो, फ्योदोर वासिल्येवने ते याल्टात बसून रंगवलं. क्षयामुळे क्रिमियात जावं लागलेलं, तिथे तसलं कुरण औषधालाही नव्हतं. आठवणीतून आणि जुन्या रेखाटनांवरून जुळवलं सगळं. पुढच्याच वर्षी गेला, अवघ्या २३ व्या वर्षी. मग त्याला माफी आणि लेवितानला शिक्षा का?

ढगाळ: आठवणीतून काढणं वेगळं आणि लोकांना हळवं करायला सामान मांडणं वेगळं. वासिल्येवच्या कुरणात एकही थडगं नाही.

वाटसरू: लेवितान हे रंगवताना त्याची चित्रकार मैत्रीण सोफिया कुवशिन्निकोव्हा त्याला बेथोव्हेनचं शोकसंगीत वाजवून दाखवायची, असं तिच्याच आठवणींत आहे. म्हणजे पार्श्वसंगीताचीही सोय होती 😄

तैलरंग: हसा. पण कॅनव्हास १५० बाय २०६ सेंमीचा आहे आणि चर्च डावीकडे खाली, कोपऱ्यात. अर्ध्याहून जास्त जागा आभाळाची. काळपट जांभळ्या ढगांमधून एक फिकट, गुलाबीसर ढग आडवा घुसलाय, खाली पाणी शिशासारखं पसरलंय. चर्चवर बोट ठेवून बघा, आभाळाचा आवाकाच कळेनासा होतो. मोजायला काहीतरी लागतं ना! १८९२ मध्ये ज्यू म्हणून मॉस्कोबाहेर काढलेला माणूस हा. या चित्रात मी पुरता उतरलोय, असं त्याने गॅलरीच्या संस्थापकाला, त्रेत्याकोव्हला कळवलं होतं.

ढगाळ: चरित्र कळल्यावर चित्र आवडलं तर श्रेय चरित्राचं. मोजायला नुसतं चर्च पुरलं असतं, दिवा कशाला?

वाटसरू: तो दिवा झूम केल्याशिवाय मला दिसलाही नव्हता. रडवायचंच असतं तर एवढासा ठिपका कोण काढेल?

ढगाळ: ज्याला आपलं काम येतं तो. आभाळ मंजूर, दिवा नामंजूर.