कॉन्फरन्स रूममध्ये फेडरवाला मिक्सर हवाच कशाला?

रॅकमागचा
थेट मुद्द्यावर येतो. जिथे रोज मीटिंगा होतात, टेबलाला माईक फिक्स आहेत, स्पीकर छतात आहेत आणि स्क्रीनवर लांबून चारपाच जण जोडलेले असतात, अशा खोलीत फेडरवाला मिक्सर (म्हणजे प्रत्येक माईकचा आवाज हाताने दांडी सरकवून कमीजास्त करायचा तो) ठेवणं आता बंद करा. रॅकमध्ये एक डीएसपी बॉक्स (आवाजाचं काम आपोआप करणारं डिजिटल यंत्र), भिंतीवर आवाज कमीजास्त करायला छोटं पॅनल, विषय संपला.

हे का म्हणतोय तर मध्यंतरी एका बोर्डरूमला तक्रार बघायला गेलो होतो. टेबलावर १६ गूजनेक (वाकवता येणाऱ्या मानेचे माईक), मिक्सरवर १६ फेडर सगळे एका रेषेत वर लावून ठेवलेले आणि ऑपरेटर मोबाईलमध्ये. तक्रार काय तर जरा आवाज वाढवला की शिट्टी मारतो. मारणारच ना! उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी यायच्या आधी जेवढा आवाज वाढवता येतो त्यातले ३ डीबी (डेसिबल) जातात. १ चे २, २ चे ४, ४ चे ८, ८ चे १६, झाले १२ डीबी गायब. बोलतोय एकजण आणि बाकीचे पंधरा माईक एसीची घरघर आणि छतातल्या स्पीकरचाच आवाज गोळा करतायत. मी फक्त बोलणाऱ्याचा माईक ठेवून बाकीचे खाली ओढले, खोली गप्प झाली. पण हे प्रत्येक वाक्याला कोण करणार?

हेच काम ऑटोमिक्सर करतो, आणि ही काही कालची गोष्ट नाही, डॅन ड्यूगन या अमेरिकन साऊंडवाल्याने ही आयडिया १९७० च्या दशकातच काढलीय. सगळ्या माईकचा मिळून एकाच माईकएवढा गेन (आवाज किती वाढवायचा ते), तो वाटून घ्यायचा. एकजण बोलला की जवळजवळ सगळा त्याला, दोघं सारख्या आवाजात बोलले तर दोघांना ३-३ डीबी कमी, सगळे गप्प असले तर १६ जणांना समान वाटा म्हणजे प्रत्येकी १२ डीबी खाली. बेरीज कायम तीच राहते म्हणून शिट्टीचं गणित एका माईकचंच राहतं. एवढ्या वेगाने सोळा फेडर हलवायला माणसाला किती हात लागतील सांगा.

फेडरप्रेमी
म्हणजे ऑपरेटर मोबाईलमध्ये होता हा फेडरचा गुन्हा झाला?

तुमचं गणित मान्य, ३ डीबीचं तर आम्ही पण शिकलोय. पण तुमच्या बॉक्सला एक गोष्ट कळत नाही, कोण *महत्त्वाचं* बोलतंय ती. त्याला फक्त मोठा आवाज कळतो. मी स्वतः बघितलंय, एक ज्येष्ठ गृहस्थ, आवाज एकदम बारीक, वर माईकपासून हातभर मागे रेलून बसायची सवय. शेजारचे साहेब माईकच्या बुडाशीच फाईलची पानं चाळतायत, खस्स खस्स. ऑटोमिक्सरने इमानदारीत पानांना वाटा दिला आणि ज्येष्ठ गृहस्थ अर्धे गायब. फेडरवर माझं बोट असतं तर पानवाल्यांना मी केव्हाच खाली घेतलं असतं आणि ते गृहस्थ तोंड उघडायच्या आधी त्यांना वर केलं असतं, कारण मी बघतोय ना, ते घसा खाकरून पुढे सरकले की बोलणार आहेत हे मला दिसतं. बॉक्सला डोळे नाहीत.

मागच्या रांगेतला
मी साऊंडवाला नाही, ऐकणारा आहे. आमच्याकडे असलाच काहीतरी ऑटो प्रकार बसवलाय आणि तो पहिलं अक्षर खातो. एकदा एक सदस्य ठासून 'नामंजूर' म्हणाले आणि मागे आम्हाला ऐकू आलं 'मंजूर'. दोन मिनिटं नुसता गोंधळ.

रॅकमागचा
@मागच्या रांगेतला हा हा, हे भारी आहे. पण तुमच्याकडे आहे तो गेटवाला प्रकार असणार. त्यात माईक बंदच असतो, आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की दार उघडतं, आणि उघडेपर्यंत 'ना' निघून गेलेला असतो. मी म्हणतोय त्या गेन वाटणाऱ्या प्रकारात दार बंद कधीच होत नाही, माईक नुसता खाली असतो. दोन्हीला लोक ऑटोमिक्सच म्हणतात म्हणून घोळ होतो. अर्थात गेटवाला पण नीट लावला, पातळी जरा खाली ठेवली, बंद असताना पूर्ण बंद न करता नुसता १५ डीबी वगैरे खाली ठेवला तर एवढा खात नाही. तुमचा बसवणाऱ्याने फॅक्टरी सेटिंगवर सोडून दिलेला दिसतोय.

@फेडरप्रेमी पानांचा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. त्यासाठी चॅनलला वेट (वाटणीत जास्त हिस्सा) देता येतं, अध्यक्षांच्या माईकला जास्त, आणि बसल्या आवाजाच्या माणसाला गेन मुळातच जास्त लावायचा.

फेडरप्रेमी
हो, आणि पुढच्या मीटिंगला ते गृहस्थ दुसऱ्या खुर्चीवर बसणार. मग तुमचं वेट रिकाम्या खुर्चीला.

लांबून जोडलेली
मी आठवड्यातले चार दिवस त्या स्क्रीनमध्ये असते, त्यामुळे तुमच्या दोघांच्या खोलीतली भांडणं मला गौण वाटतात, सॉरी. माझा प्रॉब्लेम वेगळाच आहे, मी बोलते आणि माझाच आवाज अर्ध्या सेकंदाने मला परत ऐकू येतो. स्वतःचा आवाज असा मागून आला की जीभ अडखळते, वाक्य पूर्णच होत नाही. फेडरवाले दादा खोलीत असताना हे हमखास होतं. का?

रॅकमागचा
कारण त्यांनी तुम्हाला मेन मिक्स पाठवला! तुमचा आवाज मिक्सरच्या एका चॅनलला येतो, तिथून मेनला जातो, आणि तोच मेन लॅपटॉपला परत. लांबच्या माणसाला सगळं द्यायचं पण त्याचं स्वतःचं सोडून, याला मिक्स-मायनस म्हणतात. साध्या मिक्सरवर पण जमतं, एक ऑक्स (वेगळा मिक्स बाहेर काढायची वाट) घ्यायचा, त्यात सगळे माईक चढवायचे आणि लॅपटॉपचा चॅनल शून्यावर. पण कुणीतरी घाईत तो नॉब फिरवतोच.

आणि ते झालं तरी छतातल्या स्पीकरमधून तुमचा आवाज टेबलावरच्या माईकमध्ये शिरतोच, तो काढायला एको कॅन्सलर लागतो. तो स्पीकरला काय चाललंय ते रेफरन्स म्हणून ऐकतो, खोलीत ते कसं घुमतं याचा अंदाज बांधतो आणि माईकमधून तेवढं वजा करतो. आता रेफरन्स घेतल्यानंतरच्या जागी कुणी आवाज हलवला, म्हणजे अॅम्पचा नॉब फिरवला किंवा माईकचा गेनच बदलला, की अंदाज चुकला, परत शिकायला लागतो आणि तेवढा वेळ तुम्ही स्वतःला ऐकता. म्हणून म्हणतोय हात लावायला काही ठेवूच नका.

फेडरप्रेमी
मिक्स-मायनस न लावणारा ऑपरेटर हा ऑपरेटरच नाही, त्याची बाजू मी घेणार नाही. एको कॅन्सलरच्या बाबतीत मात्र तुमचं बरोबर, तिथे बोट कमी चालवलेलं बरं. पण अर्धं सांगताय. मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पण एको कॅन्सलर असतो, खोलीच्या बॉक्समध्ये पण असतो, दोन्ही चालू राहिले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. एक बंद करायला कुणीतरी *माणूस* लागतोच की.

नेटवर्कवाली
मी आयटीतून या धंद्यात आले म्हणून माझं मत दोघांनाही आवडणार नाही. मिक्सर की बॉक्स हा प्रश्नच मला जुना वाटतो. आवाज एकदा नेटवर्कवर आला की मिक्सर कुठे आहे याला काय महत्त्व? डांटे (नेटवर्कच्या केबलवरून आवाज पाठवायची पद्धत) घ्या, ४८ किलोहर्ट्झला एका गिगाबिट लिंकवर ५१२ चॅनल जाऊन ५१२ येऊ शकतात, कुठला माईक कुठे जाणार ते स्क्रीनवर टिक करून ठरवायचं. रोज बॉक्स चालू दे, वार्षिक सभेला मिक्सर आणून त्याच नेटवर्कला लावा.

फेडरप्रेमी
ताई, हेच ऐकायचं बाकी होतं. एका ठिकाणी डांटेवर सगळं मस्त चाललं होतं, एके दिवशी कट्ट कट्ट सुरू, मधेच आवाज गायब, परत येतोय. दोन तास आम्ही माईक बदलतोय, केबल बदलतोय. शेवटी कळलं की रात्री कुणीतरी स्विच बदलून गेलंय. ऑडिओवाल्यांना कुणी विचारलं पण नाही. कॉपर केबल तुटली तर मला हाताला लागते हो, हेडफोन घेऊन एक एक पॉइंट ऐकत गेलं की कुठे मेलीय ते कळतं. इथे लाईट सगळे हिरवे आणि आवाज नाही!

नेटवर्कवाली
नव्या स्विचवर वीज वाचवणारं इथरनेट चालू होतं का? बहुतेक तेच असणार. ट्रॅफिक कमी झाला की तो पोर्ट झोपवतो आणि उठायला जो क्षण लागतो त्यात क्लॉकची (सगळी यंत्रं एका तालात ठेवणारी) पॅकेटं उशिरा पोचतात. डांटेमधली सगळी यंत्रं एका लीडरच्या क्लॉकवर चालतात, त्यात जरा थरथर आली की पहिलं कट्ट कट्ट आणि मग म्यूट. डांटेच्या पोर्टवर ते बंद करायचं, क्लॉकला सगळ्यात आधी जाऊ द्यायचं, त्यानंतर ऑडिओ, बाकीचं नंतर. दहा मिनिटांचं काम आहे, फक्त माहीत पाहिजे. आणि लाईट हिरवे होते म्हणता, पण डांटेच्या कंट्रोलर सॉफ्टवेअरमध्ये क्लॉकचा टॅब उघडून बघितला होता का?

फेडरप्रेमी
नव्हता बघितला.

हॉलवाला
मी भाड्याने सिस्टीम देतो, हॉलमध्ये. तिथे रॅकमागच्यांचा नियम लावू नका एवढंच सांगायला आलो. सकाळी परिसंवाद, दुपारी नाटक, संध्याकाळी गाणं, एका बॉक्सवर भिंतीवरच्या तीन बटणांनी हे होणार नाही. आणि गाण्याला ऑटोमिक्स लावून बघा एकदा, गायक दमदार सुरू झाला की तंबोरा खाली जातो. तो बोलण्यासाठीच आहे.

पण भांडायची गरजच काय? यामाहाच्या क्यूएल मिक्सरमध्ये ड्यूगनचा ऑटोमिक्सर आतच आहे, एक्स३२ मिक्सरमध्ये पण नंतरच्या फर्मवेअरने ऑटोमिक्स आला. परिसंवादाला चालू, गाण्याला बंद, फेडर हाताखाली. एक्स३२ ला स्टेजबॉक्स (स्टेजवर माईक लावायचा डबा) जोडायला एईएस५० (डिजिटल आवाजाची जोडणी) ची एक कॅट-५ई केबल, ४८ चॅनल जातात, तेवढेच येतात, जाडजूड स्नेक (अनेक तारांची एकत्र केबल) ओढायची कटकट गेली. फक्त केबल शिल्डवालीच घ्या, साधी घेतली तर कुणी कार्पेटवरून चालत येऊन हात लावला की स्टॅटिकने लिंक उडते, माझी ऐन कार्यक्रमात उडालीय. एकदा तर एका उत्साही पोराने तीच केबल नेटवर्क स्विचमध्ये खोचली, कारण 'टोक तर सारखंच आहे'. एईएस५० स्विचमधून जातच नाही, दोन यंत्रं थेट एकमेकांना लागतात.

लेटन्सीवरून (आवाजाला होणारा उशीर) पण कुणीतरी रडणार म्हणून आधीच सांगतो, मिक्सर आणि स्टेजबॉक्स मिळून दोनतीन मिलिसेकंद, म्हणजे तुम्ही स्पीकरपासून एक मीटर मागे सरकलात एवढंच. मागच्या लोकांसाठी लावलेल्या जादा फिल स्पीकरला १० मीटरसाठी आम्ही मुद्दाम २९ मिलिसेकंद डिले टाकतो, तेव्हा कुणी तक्रार करत नाही.

फेडरप्रेमी
हॉलवाल्यांशी माझं काही भांडण नाही, ते माझ्याच बाजूचे आहेत.

@रॅकमागचा, एकच विचारतो. बॉक्स बसवला, बसवणारा गेला. दोन वर्षांनी छतातला एक स्पीकर हलवायचाय किंवा माईक वाढवायचाय. त्या बॉक्समधली फाईल कुणाकडे आहे? माझ्या माहितीत दोन खोल्या आहेत जिथे बसवणारे फोन उचलत नाहीत आणि पासवर्ड कुणालाच माहीत नाही, सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागलं. मिक्सरवर निदान पट्टीवर पेनाने लिहिलेलं असतं, १ अध्यक्ष, २ सचिव.

रॅकमागचा
हा मुद्दा लागला. फाईल ग्राहकाला पेनड्राईव्हवर द्यायचीच आणि पासवर्ड रॅकच्या दाराला आतून चिकटवायचा, असं मी सगळ्यांना सांगत असतो.

तुमची पोस्ट वाचून त्याच १६ गूजनेकवाल्या खोलीत फोन केला, मिक्सर काढून बॉक्स मीच बसवला होता तिथे. विचारलं दाराच्या आत काय चिकटवलंय. म्हणाले वायफायचा पासवर्ड.

उद्या जातोय.